मुलांसाठी पुस्तकं निवडताना: ऐकायची वेगळी, वाचायची वेगळी

"मुलगी नऊ वर्षांची आहे, कुठलं पुस्तक घेऊ?" असं मला महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच, आणि खरं सांगते, नुसत्या वयावरून मला उत्तर देता येत नाही. कारण नऊ वर्षांची एक मुलगी सुट्टीत फास्टर फेणेची चार पुस्तकं फस्त करते आणि दुसरी नऊ वर्षांचीच मुलगी अजून 'द्वार', 'विद्या' असल्या शब्दांपाशी अडते, आणि दोघी सारख्याच चुणचुणीत असतात, दोघींना गोष्टी तितक्याच आवडतात. दोघींच्या हातात एकच पुस्तक दिलं की दुसरीला वाटतं वाचन हे आपलं काम नाही. आणि ते एकदा वाटलं ना, की ते काढायला फार वेळ लागतो.

मी हे अनुभवाने सांगतेय. माझ्या मुलीला सातव्या वर्षी मी 'श्यामची आई' स्वतः वाचायला दिलं होतं, कारण मला ते फार आवडायचं. तिने आठ-दहा पानं कशीबशी वाचली आणि नंतर कितीतरी महिने ती पुस्तक बघितलं की उठूनच जायची. तेच पुस्तक दोन-अडीच वर्षांनी मी तिला रोज रात्री थोडं थोडं वाचून दाखवलं तेव्हा "अजून एक, अजून एक" म्हणून मागे लागायची. पुस्तक तेच, मूल तेच. फरक एवढाच की आधी ते तिच्या वाचायच्या ढिगात होतं आणि नंतर ऐकायच्या.

तर या लेखातली मुख्य गोष्ट हीच आहे. घरात मुलासाठी पुस्तकांचे दोन ढीग करा. एक मूल स्वतः वाचेल ती, आणि दुसरा तुम्ही मोठ्याने वाचून दाखवाल ती. मुलाला ऐकून जेवढं कळतं तेवढं स्वतः वाचून कळायला बरीच वर्षं जावी लागतात, त्यामुळे दुसरा ढीग नेहमी पहिल्यापेक्षा दोन-तीन वर्षं पुढचा असतो. पुस्तकांच्या याद्या नेटवर ढिगाने मिळतात पण त्यात हा भेद क्वचितच केलेला असतो आणि सगळा घोळ तिथेच होतो.

आधी मूल कुठे आहे ते बघा

पुस्तक घ्यायच्या आधी ही एक छोटी गोष्ट करा, दहा मिनिटंही लागत नाहीत. मुलाने न वाचलेलं एखादं पुस्तक घ्या, मधलं कुठलंतरी पान उघडा आणि त्याला मोठ्याने वाचायला सांगा. परीक्षेसारखं नाही हां, शेजारी बसून, लोळत, कसंही. अडलेल्या शब्दाला एक बोट मोजायची पद्धत तुम्ही ऐकली असेल, एका पानावर पाच बोटं झाली की पुस्तक अवघड. पद्धत चांगली आहे, पण मराठीसाठी मी त्यात थोडा बदल करते, दोन हात वापरते.

डाव्या हातावर मोजायचं ते अक्षरामुळे अडलेले शब्द. म्हणजे मुलाला 'बुद्धी' चा अर्थ माहितीये, बोलताना तो वापरतोही, पण छापलेला 'द्ध' त्याला ओळखू येत नाही. उजव्या हातावर अर्थामुळे अडलेले. म्हणजे 'अंतःकरण' त्याने धडाधड वाचलं पण ते काय असतं याचा पत्ता नाही. देवनागरीत हे खूप होतं, कारण अक्षरं आली की मूल काहीही वाचू शकतं आणि आपल्याला वाटतं वा, किती छान वाचतोय! मी मुलांना संपूर्ण पान अस्खलित वाचताना ऐकलंय आणि नंतर गोष्टीत काय झालं विचारलं तर नुसतं माझ्याकडे बघत राहतात.

डावा हात भरला तर पुस्तक सोपं घ्या, जोडाक्षरं कमी असलेलं, मोठ्या टायपातलं. उजवा हात भरला तर पुस्तक सोपं करायची गरज नाही, ते पुस्तक ऐकायच्या ढिगात टाका, कारण नवा शब्द गोष्टीच्या ओघात कानावरून गेला की तो सहज आपला होतो. दोन्ही हातांवर दोन-तीन बोटंच मिटली असतील तर ते पुस्तक मुलाच्या हातात बिनधास्त द्या. आणि एकही बोट मिटलं नाही तरी द्या! सोपं पुस्तक भराभर संपवण्यात जो आनंद आहे तो मुलांना मिळू द्यायला आपण का कचरतो मला कळत नाही.

वाचता येत नाही तेव्हाची पुस्तकं

तीन ते सहा या वयात मूल चित्रं वाचतं. हे 'वाचतं' मी उगाच म्हणत नाहीये, चित्रात कोपऱ्यात बसलेलं मांजर आपल्याला दिसत नाही, ते मुलाला आधी दिसतं. म्हणून या वयाच्या पुस्तकात चित्रं शब्दांची नक्कल करणारी नकोत. शब्दात "मुलगा रडला" आणि चित्रात रडणारा मुलगा, एवढंच असेल तर दोन वेळा बघून मूल कंटाळतं. चित्रात जास्तीचं काहीतरी घडत असलं पाहिजे.

मराठीत या वयासाठी मी पहिलं नाव माधुरी पुरंदरे यांचंच घेते. त्या स्वतः लिहितात आणि स्वतः चित्रं काढतात, त्यामुळे दोन्ही एकमेकांत मुरलेलं असतं. 'राधाचं घर' मध्ये घरातल्या माणसांच्या छोट्या छोट्या गोष्टी आहेत, 'यश' ची पुस्तकं आहेत, आणि 'चित्रवाचन' म्हणून जे आहे त्यात तर गोष्ट लिहिलेलीच नाही, नुसती भरगच्च चित्रं, गोष्ट आपण करायची. ते घेतलंत तर पहिल्या दिवशी "हे काय आहे, ते काय आहे" असं बोट ठेवून विचारू नका. मूल काय दाखवतं ते बघा. एका मुलाने मला त्यातल्या एकाच पानावर पाऊण तास गोष्ट सांगितली होती आणि दुसऱ्या आठवड्यात त्याच पानावर वेगळी.

ऐकायच्या ढिगात या वयाला कविता हव्यातच. विंदा करंदीकरांच्या 'राणीची बाग', 'एटू लोकांचा देश', 'परी ग परी', 'अजबखाना' या पुस्तकांमधल्या कविता मोठ्याने म्हणायला इतक्या मजेशीर आहेत की मूल अर्थ विचारत बसत नाही, आणि तुम्हीही समजावत बसू नका. ज्ञानपीठ मिळालेला कवी मुलांसाठी इतकं वेडंवाकडं, उलटंपालटं, मनसोक्त लिहितो यातच मुलांना केवढा मान दिलाय! मंगेश पाडगांवकरांच्या बालकवितांचंही तेच. ताल आधी, अर्थ नंतर. कवितेचा ताल कानात बसला की पुढे वाचायला लागल्यावर वाक्य कुठे तोडायचं हे मुलाला आपोआप कळतं, हे मी कितीतरी मुलांमध्ये बघितलंय.

नवे नवे वाचायला लागलेले, म्हणजे साधारण सहा ते आठ

सगळ्यात नाजूक टप्पा हा. मूल अक्षर अक्षर जुळवतंय, त्याचा सगळा जीव त्यातच चाललाय, आणि आपण त्याला म्हणतो "गोष्ट कळली का?" कशी कळेल!

या टप्प्यावर पुस्तक हातात घेऊन चार गोष्टी तपासा. एक, टाईप मोठा आहे का आणि दोन ओळींमध्ये मोकळी जागा आहे का. मराठीत वरती वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार, त्यामुळे ओळी चिकटून आल्या की वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात आणि नव्या वाचणाऱ्याची पार दमछाक होते. दोन, जोडाक्षरं किती. जोडाक्षरं नसलेली पुस्तकं मिळतात आणि सुरुवातीचे काही महिने ती फार उपयोगी पडतात, पण जोडाक्षरं टाळण्यासाठी लेखकाने वाक्यं अवघडून लिहिली असतील तर नको, मोठ्याने वाचून बघा, माणसं अशी बोलतात का ते लगेच कळतं. तीन, वाक्य पान उलटल्यावर संपतंय का. नव्या वाचणाऱ्यासाठी वाक्य त्याच पानावर संपलेलं बरं. आणि चार, शेवटी "तात्पर्य" छापलंय का. छापलं असेल तर मी पुस्तक परत ठेवते, अगदी स्पष्ट सांगते. चांगल्या गोष्टीचं तात्पर्य मुलाला कळलेलंच असतं आणि वाईट गोष्टीला तात्पर्य लावून ती चांगली होत नाही.

सराव करायला या वयात भरपूर पुस्तकं लागतात, रोज एक संपलं तर रोज नवं कुठून आणणार. त्यासाठी प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेची स्टोरीवीव्हर ही वेबसाइट आहे, २०१५ पासून सुरू असलेली, त्यात मराठीत भरपूर सचित्र गोष्टी मोफत आहेत आणि त्यांना एक ते चार अशा लेव्हल दिल्यात. एक म्हणजे नुकतंच वाचायला लागलेलं मूल, चार म्हणजे सराईत वाचणारं. डाउनलोड करून प्रिंट काढायलाही परवानगी आहे. दोन गोष्टी मात्र सांभाळा. मोबाईलवर वाचायला देऊ नका, जमलं तर प्रिंट काढा किंवा मोठ्या स्क्रीनवर शेजारी बसून वाचा. आणि तिथे खूप जणांनी केलेले अनुवाद आहेत त्यामुळे भाषा सगळीकडे सारखी नाही, मुलाला देण्याआधी एकदा स्वतः वाचून घ्या, लहान असतात, दोन मिनिटं लागतात. अरविंद गुप्तांच्या वेबसाइटवरही मराठी पुस्तकं मोफत ठेवलेली आहेत, तिथे विज्ञानाची खेळणी आणि प्रयोगांचा तर खजिनाच आहे, वाचून काहीतरी हाताने करायला आवडणाऱ्या मुलांना तिकडे न्या.

ऐकायच्या ढिगात या वयात पंचतंत्र घाला, पण सुट्या सुट्या गोष्टी असलेलं नाही. मूळ पंचतंत्र पाच तंत्रांमध्ये बांधलंय आणि गोष्टीच्या पोटात गोष्ट, तिच्या पोटात आणखी एक गोष्ट अशी रचना आहे. बैल आणि सिंहाची मैत्री झालीये, दोन कोल्ह्यांपैकी एक ती तोडायला बसलाय आणि दोघं बोलता बोलता एकमेकांना गोष्टी सांगतायत, मग मूल विचारतं "पण त्या बैलाचं काय झालं?" हा धागा धरून ठेवायची सवय लागते ना, ती पुढे जाड पुस्तक वाचताना कामाला येते. मोठ्यांसाठीचा अनुवाद घ्या आणि जिथे लांबड वाटेल तिथे तोंडाने आटोपतं घ्या.

आठ ते दहा: पूल

चित्रांच्या पुस्तकातून एकदम दीडशे पानी कादंबरीत उडी मारता येत नाही, मध्ये पूल लागतो. तो पूल म्हणजे छोट्या छोट्या प्रकरणांची पुस्तकं आणि मालिका. मोठी माणसं मालिकांना जरा नाक मुरडतात, "तेच तेच वाचतोय" म्हणतात. पण तेच ते असतं म्हणूनच सोपं जातं! माणसं ओळखीची, घर ओळखीचं, बोलण्याची ढब ओळखीची, म्हणजे मुलाची सगळी ताकद पुढे काय होतंय यावर लागते.

दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' इथे अगदी फिट बसतो. बोक्या उचापत्या आहे पण मनाने सरळ, प्रत्येक प्रकरणात एक भानगड आणि ती त्याच प्रकरणात निस्तरते, त्यामुळे मूल एका बैठकीत एक प्रकरण संपवू शकतं. संवाद भरपूर आहेत, संवाद असले की पान हलकं दिसतं आणि मुलं पान हलकं दिसतंय का जड यावरूनच ठरवतात, आपणही ठरवतोच की.

त्यानंतर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. बनेश फेणे, किडकिडीत, सायकलवरून सुसाट, "ट्टॉक!" करणारा. इथे वाक्यं लांब होतात, कथानक गुंततं, खरा धोका असतो. मुलांना हे कळतं की इथे काहीतरी खरोखर बिघडू शकतं. काही तपशील आता जुने वाटतील, फोन नाहीत, तार करतात, पत्र पाठवतात. त्याबद्दल आधीच भाषण देऊ नका, मूल विचारेल तेव्हा सांगा. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाने विचारलं होतं, "फोन असता तर ही गोष्ट दोन पानांतच संपली असती ना?" किती बरोबर!

मुलगी आहे म्हणून मुलींची पुस्तकं आणि मुलगा आहे म्हणून साहसाची, असं कृपा करून करू नका. मुली फास्टर फेणे तितक्याच आवडीने वाचतात, आणि मुलांना घरातल्या, शाळेतल्या, मैत्रीच्या गोष्टी हव्या असतात पण मागायला लाजतात, तेव्हा त्या आपणच सहज समोर ठेवायच्या.

मासिकं विसरू नका. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक त्यांनी ऑनलाइन मोफत ठेवलेत. ज्या मुलाला पूर्ण पुस्तकाची धास्ती वाटते त्याला मासिक द्यावं, कारण मासिकात सुरुवातीपासूनच वाचायचं असं बंधन नसतं, आधी कोडं, मग एखादी कविता, मग कुठेतरी एक गोष्ट. कॉमिक्सचंही तेच, चौकटींमधून गोष्ट पुढे नेणं, चेहऱ्यावरून मनातलं ओळखणं, हे वाचनच आहे. चित्रपुस्तकापासून कादंबरीपर्यंत मधलं अंतर कितीतरी मुलांनी कॉमिक्सच्या आधाराने पार केलंय.

ऐकायच्या ढिगात या वयात 'तोत्तोचान' पाहिजेच पाहिजे. तेत्सुको कुरोयानागी यांचं १९८१ चं जपानी पुस्तक, मराठीत चेतना सरदेशमुख गोसावी यांनी आणलंय. पहिल्या शाळेतून काढून टाकलेली एक मुलगी, मग तिला मिळालेली आगगाडीच्या डब्यांत भरणारी शाळा, आणि पहिल्याच दिवशी तिचं बोलणं चार तास ऐकून घेणारे हेडमास्तर. प्रकरणं दोन-तीन पानांची, रोज झोपताना एक. शेवटी युद्धात शाळा जळते, तिथे मुलं एकदम गप्प होतात. गप्प राहू द्या.

आणि 'श्यामची आई' सुद्धा इथेच, नऊ-दहाच्या आसपास, वाचून दाखवायचं. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि त्याची बांधणीच बेचाळीस रात्रींची आहे, श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना एक आठवण सांगतो. म्हणजे ते मुळात ऐकायचंच पुस्तक आहे! सलग सगळ्या रात्री वाचायची गरज नाही. 'मुकी फुले' पासून सुरुवात केली तरी चालते. श्याम पोहायला जायचं टाळून लपतो आणि आई त्याला मारते तो प्रसंग आला की आजची मुलं चिडतात, "का मारलं?" म्हणतात. त्यावर आईची बाजू घेऊन समजावत बसू नका, "तुला काय वाटतं?" एवढंच विचारा आणि ऐका. मुलं फार नीट विचार करतात.

दहा ते तेरा: खरी भूक इथे लागते

या वयाला इंग्रजीत मिडल ग्रेड म्हणतात आणि तिथे या मुलांसाठी प्रचंड लेखन होतं. मराठीत या वयाचं नवीन लेखन तुलनेने कमी आहे, हे मान्य करायला हवं, म्हणून इथे मी तीन बाजूंनी पुस्तकं गोळा करते. मुलांसाठी लिहिलेली, अनुवादित, आणि मोठ्यांसाठी लिहिलेली पण या मुलांना झेपणारी.

सगळ्यात आधी एक वळसा. 'वाचू आनंदे' हे माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेलं संकलन आहे, बाल गट आणि कुमार गट असे त्याचे भाग आहेत. त्यात मराठीतल्या चांगल्या लेखकांचे निवडक उतारे, कविता आणि जोडीला चित्रकारांची चित्रं. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला नेमकं काय आवडतं हे कळत नसेल तर कुमार गटाचे भाग घरात पडू द्या आणि मूल कुठल्या पानावर रेंगाळतंय ते बघा. विनोदी उताऱ्यावर हसत बसलं तर चिं. वि. जोशी, मिरासदार यांच्याकडे न्या. प्राण्यांच्या, जंगलाच्या उताऱ्यावर थांबलं तर तिकडे. यादीपेक्षा हा मार्ग कधीही खात्रीचा.

रहस्य आवडणाऱ्यांसाठी सत्यजित राय यांचा फेलुदा. पहिली फेलुदा-कथा १९६५ ची, मराठीत अशोक जैन यांनी अनुवाद केलेत. गोष्ट सांगतो तो तोपशे, स्वतः शाळकरी मुलगा, त्यामुळे वाचणाऱ्या मुलाला आपण तपासात बरोबर फिरतोय असं वाटतं. फेलुदा पचला की शेरलॉक होम्स, भालबा केळकरांच्या अनुवादातून. उलट क्रमाने दिलं तर होम्सची सुरुवातीची संथ पानं बऱ्याच मुलांना झेपत नाहीत, क्रम पाळाच.

विज्ञान आवडणाऱ्यांना जयंत नारळीकर. 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह आहे, कथा सुट्या आहेत, मूल हवी ती आधी वाचू शकतं. खगोलशास्त्रज्ञाने स्वतः मराठीत लिहिलेल्या या कथा आहेत आणि त्यातलं विज्ञान शोभेला आणलेलं नसतं, ते काढलं तर गोष्टच उरत नाही. पुढे 'प्रेषित' ही कादंबरी.

चरित्र द्यायचं तर वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर', १९८१ चं. गुलामगिरीत जन्मलेला, लहानपणीच आईला मुकलेला एक मुलगा, शिकण्यासाठी गावोगाव फिरतो आणि पुढे कृषिशास्त्रज्ञ होतो. महापुरुषांची चरित्रं मुलांना बहुतेक वेळा रटाळ का वाटतात तर त्यात माणूस लहानपणापासूनच महान असतो. इथे तसं नाही. कार्व्हर घाबरतो, उपाशी राहतो, कृष्णवर्णीय म्हणून कॉलेजच्या दारातून परत पाठवला जातो. त्यात जमावाने केलेल्या हिंसेचा भाग आहे, अकरा वर्षांखालच्या मुलाला देणार असाल तर तो आधी स्वतः वाचा आणि त्या दिवशी घरी असा.

मुलींच्या, खरं तर सगळ्यांच्याच हातात यावं असं 'चौघीजणी', शांता शेळके यांनी केलेला 'लिटल विमेन' चा अनुवाद. मूळ पुस्तक लुइसा मे अल्कॉट यांचं, १८६८ चं. जाड आहे, बारा-तेराला द्या. एका बहिणीचं आजारपण आणि नंतरचं दुःख त्यात येतं. मृत्यू आहे म्हणून पुस्तक दूर ठेवायचं नसतं, पण मूल ते वाचत असताना आपल्याला माहीत असावं की ते कुठल्या पानावर आहे.

तेराच्या आसपास पोचलेल्या आणि भरपूर वाचून झालेल्या मुलांसाठी दोन पुस्तकं मी राखून ठेवते. एक प्रकाश नारायण संतांचं 'वनवास'. लंपन नावाच्या मुलाच्या या कथा मुलांसाठी म्हणून लिहिलेल्या नाहीत, पण मुलाच्या मनात काय काय चालतं ते मराठीत इतकं आतून क्वचितच कोणी लिहिलं असेल. काही मुलांना ते संथ वाटतं, मग सक्ती नको, पंधराव्या वर्षी पुन्हा समोर ठेवा. दुसरं व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर', वानरांच्या टोळ्यांची छोटीशी कादंबरी. टोळीवर ताबा मिळवलेला नर आधीची पिल्लं मारतो, हे निसर्गात घडतं तसंच त्यात येतं. प्राण्यांची गोष्ट आहे म्हणून आठ वर्षांच्या मुलाला कोणीतरी दिलेलं मी बघितलंय, ते पोर आठवडाभर नीट झोपलं नव्हतं. पातळ पुस्तक म्हणजे लहान मुलांचं पुस्तक असं नसतं, एवढं लक्षात ठेवा.

अनुवाद घेताना

अनुवादकाचं नाव कव्हरवर किंवा निदान आतल्या पानावर ठळक आहे का बघा. नावच नसेल तर मी सहसा घेत नाही. मग मधलं पान उघडून संवाद मोठ्याने वाचा. पात्रं "मी तुझ्याबद्दल खूप उत्साहित आहे" असं बोलत असतील तर ठेवून द्या. आणि 'संक्षिप्त' हा शब्द शोधा. साडेतीनशे पानांचं पुस्तक चाळीस पानांत बसवलं की उरतं ते नुसतं कथानक, आणि ते एकदा वाचलं की मूल म्हणतं "हे मी वाचलंय" आणि मूळ पुस्तकाकडे कधीच जात नाही. पुस्तक अजून झेपत नसेल तर दोन वर्षं थांबा, संक्षिप्त देऊन ते संपवून टाकू नका.

जुन्या मराठी पुस्तकांचं थोडं वेगळं. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' असो की तशी इतर, भाषा जुनी, काही शब्द मागे पडलेले, काही आवृत्त्यांत टाईप बारीक आणि जोडाक्षरं एकाखाली एक रचलेली. ही पुस्तकं आधी ऐकायच्या ढिगात घ्या, दोन-तीन प्रकरणं तुम्ही वाचा आणि ऐन रंगात आलं की थांबा. पुढचं मूल स्वतः वाचतं, मी हे खूप वेळा करून बघितलंय.

घरी मराठी बोलतं पण वाचत नाही, त्या मुलाचं काय

इंग्रजी माध्यमातली दहा-अकरा वर्षांची मुलं असतात, इंग्रजीत जाडजूड पुस्तकं वाचतात आणि मराठी म्हटलं की "मला नाही येत". त्यांची अडचण वेगळी आहे. डोकं अकरा वर्षांचं, मराठी वाचन सहा वर्षांचं. त्यांना "ससा आला, फूल बघ" असली पुस्तकं दिली की त्यांना अपमान वाटतो, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

त्यांच्यासाठी क्रम असा. पहिला महिना फक्त ऐकायचं, वाचायला अजिबात सांगायचं नाही, आणि पुस्तक त्यांच्या डोक्याच्या वयाचं, फेलुदा किंवा फास्टर फेणे. मग तुम्ही एक परिच्छेद, मूल फक्त एका पात्राचे संवाद. संवाद छोटे असतात आणि बोलीतले असतात, त्यामुळे ते येतात. तेही जमलं की एक पान तू, एक पान मी. चुकीचा उच्चार मध्येच थांबवून सुधारायचा नाही, पुढे तोच शब्द तुमच्या पानात आला की बरोबर म्हणायचा, बास. आधी इंग्रजीत वाचलेल्या पुस्तकाचा मराठी अनुवाद देणं हाही छान उपाय आहे, गोष्ट माहीत असते त्यामुळे सगळं लक्ष अक्षरांवर देता येतं.

रोजचं कसं जमवायचं

वीस मिनिटं पुरतात, पण रोज. वेळ ठरलेली असेल तर मुलं स्वतः आठवण करतात. पुस्तकं कपाटात काचेमागे नकोत, हाताला लागतील अशी, काहींची पाठ नाही तर तोंड दिसेल अशी ठेवा. मूल स्वतः वाचायला लागलं म्हणून वाचून दाखवणं बंद करू नका, ही चूक जवळपास सगळीकडे होते. बारा वर्षांच्या मुलालाही ऐकायला आवडतं, फक्त ते मागत नाही.

वाचून झाल्यावर प्रश्न विचारू नका. सारांश लिहायला लावू नका. मुलाला बोलायचं असेल तर ते आपणहून सुरू करतं, बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी, भलत्याच वेळी. तेच पुस्तक सातव्यांदा मागितलं तर सातव्यांदा वाचा. आणि अर्धवट सोडलं तर सोडू द्या. दानिएल पेनाक या फ्रेंच लेखकाने, जो स्वतः शिक्षक होता, १९९२ मध्ये वाचणाऱ्याचे दहा हक्क लिहिले, त्यात पुस्तक न संपवण्याचा हक्क आहे आणि पुन्हा वाचण्याचाही. मी घरात एवढाच नियम ठेवलाय की सोडलेलं पुस्तक परत देऊन टाकायचं नाही, खालच्या कप्प्यात ठेवायचं. वर्षाने तोच कप्पा मुलं स्वतः उपसतात.

आता लगेच सुरुवात करायची असेल तर आज संध्याकाळी दोन हातांची ती मोजणी करून घ्या, मग वाचायच्या ढिगात तीन सोपी पुस्तकं आणि ऐकायच्या ढिगात एकच पण मोठं पुस्तक ठेवा. वाचायची तीनही एकाच जातीची नकोत, एक मालिकेतलं, एक माहितीचं, एक मासिक किंवा कॉमिक. दोन आठवड्यांनी बघा कुठल्याची पानं मळलीयत, आणि पुढचं पुस्तक त्याच्याच शेजारचं आणा.